वर्षाचा हात

यंदा कापूस फुटला तो सगळ्यांचा एकदमच. पाऊस लांबला, बोंडं झाडावर कुढत बसली, आणि दिवाळीनंतर ऊन तापलं तसं दारव्ह्याकडचं सगळं शिवार बघता बघता पांढरं झालं. वेचायला माणूस मिळेना. इतर वर्षी जे शेतकरी बायांना 'उद्या या, परवा या' करत झुलवायचे, त्यांच्याच मोटारसायकली सकाळी सकाळी बंजाऱ्यांच्या तांड्यावर येऊन उभ्या राहू लागल्या. चहा घ्या म्हटलं तर घेत नव्हते, आधी बाया द्या म्हणत होते.

अशा वर्षी सुखीबाईचा तोरा काय विचारता! तांड्यातल्या वेचणाऱ्या बायांची टोळी तिची. कोणाच्या वावरात कधी जायचं ते ती ठरवणार, आणि एकदा शब्द दिला की आभाळ कोसळलं तरी टोळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर हजर. हात असा चालायचा की मागं झाडावर कापसाची कवडीसुद्धा राहत नसे. जीभ हाताच्याही पुढं. नवरा धावजी दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. घरात त्याला बोलायला फट मिळत नाही म्हणून तो गाडीत प्रवाशांशी बोलून घेतो, असं तांड्यातले लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्यांची पोरगी वर्षा. दारव्ह्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या सॉफ्टबॉलच्या टीममध्ये बॉल फेकायची. हा खेळ तांड्यात कोणी पाहिला नव्हता. सुखीबाईला त्यातलं एवढंच कळलं होतं की एक पोरगी हात खालून गर्रकन फिरवून बॉल फेकते, समोरची लाकडानं हाणते, आणि तिच्या मागं एक जण तोंडावर जाळी बांधून उकिडवी बसते ती झेलते. उकिडवी बसणारी निकिता. गावातल्या वामनरावांची पोरगी. वामनरावांचं वावर सुखीबाईच्या टोळीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तेव्हा दोन्ही मायांची ओळख कापसातली आणि पोरींची बॉलातली.

आणखी एक गोष्ट सुखीबाईला कळली होती आणि ती तिनं पदराला गाठ मारून ठेवली होती. टीम फायनलला गेली तर तिथं विद्यापीठाची निवड करणारी माणसं येतात. विद्यापीठाकडून खेळलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात. वर्षाचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी कॉलेज नाही, टीम नाही, आणि मग पऱ्हाटीचे तास, कपाशीच्या त्या न संपणाऱ्या ओळी, आहेतच जन्मभर. पदराला गाठ मारली खरी, पण सुखीबाईच्या पोटात गोष्ट राहते कुठं? चार दिवसांत अख्ख्या तांड्याला माहीत झालं.

तोंडानंच सगळा घोळ केला. वेचणीला सुरुवात करायची तर आधी सीतादही करायचं. वावरात पऱ्हाटीची पूजा, दहीभात शिंपडायचा, आणि चांगल्या हातगुणाच्या बाईनं पहिलं बोंड वेचायचं. हा मान दोन वर्षांमागं वामनरावांच्या बायकोनं, विमलताईंनी, सुखीबाईला दिला होता आणि त्या साली बोंडअळीनं वावर खाल्लं. मागच्या साली सुखीबाईनं आपली पोरगी पुढं केली, आणि पीक असं आलं की घरात ठेवायला जागा पुरेना. झालं. तेव्हापासून सुखीबाई दहा जणींत सांगत सुटली, "वर्षाचा हात लागला की वावर उलून येते. लक्षुमीचा हात हाय माह्या पोरीचा!"

विमलताईंनी ते मनावर घेतलं. आता सीतादहीच नव्हे, कोणत्याही नव्या तुकड्यात वेचणी धरायची तर पहिली ओंजळ वर्षाचीच. पोरगी पहाटे उठून मैदानावर जायची, तिथून येऊन वावरात हात लावायची, मग कॉलेज, आणि कॉलेज सुटलं की पुन्हा सूर्य बुडेपर्यंत वेचायला. कुरकूर केली नाही तिनं. मायचं बोलणं आणि पोरीचं गप्प राहणं, दोन्ही एकाच मापाचं.

एकदा टीमला शिकवणारे रोशन सर मोटारसायकलवर तांड्यावर आले. तरुण माणूस, भिडस्त.

"मावशी, वर्षाच्या बोटांले पाहा जरा. बोंडाची टोकं टोचून टोचून चिरा पडल्या. बॉल धरताना रक्त येते तिले."

"सर, पऱ्हाटीत हात घातला तर टोचनच. तुमच्या बॉललेच सांगा नं जरा मऊ व्हा म्हणून. नाव सॉफ्ट अन् बॉल दगडासारखा!"

सर हसले, चहा पिऊन गेले. पण रात्री जेवणं झाल्यावर सुखीबाईनं जवसाचं तेल कोमट केलं, त्यात हळद घातली आणि पोरीची बोटं मांडीवर घेऊन एकेक चोळली. तिसऱ्या बोटाची चीर खोल होती. पोरीनं दात आवळले.

"लई दुखते का, छोरी?"

"नाही, याडी. फेकताना नाही दुखत. फेकून झाल्यावर दुखते."

सुखीबाईला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी वावरात तिनं ते सगळ्यांना सांगितलं.

टीम जिंकत चालली. उमरखेडला पहिली मॅच झाली, धावजीनं सगळ्या पोरींना जीपमध्ये कोंबून नेलं आणि येताना त्या गाणी म्हणत आल्या. मग पुसदच्या पोरींना हरवलं. मग सेमीफायनल. पेपरात फोटो आला तेव्हा विमलताईंनी सुखीबाईला अंगणात बोलावून दाखवला. मधोमध निकिता, खाली 'वामनराव यांची कन्या' असं छापलेलं.

"अन् वर्षा कुठी हाय?" सुखीबाईनं विचारलं.

विमलताईंनी पेपर उजेडात धरला. "ही असन कडंले. हात दिसते पाहा अर्धा."

सुखीबाईला वाचता येत नव्हतं, पण बोटाला गुंडाळलेली चिंधी ओळखता येत होती. अर्धा हात पोरीचाच होता. बाकीची पोरगी फोटोच्या बाहेर राहिली होती. सुखीबाईनं त्या अर्ध्या हातावर बोट ठेवलं आणि पेपर परत केला.

फायनल यवतमाळला, अमरावतीच्या एका कॉलेजशी. दिवस ठरला आणि त्याच सुमाराला आभाळ भरून आलं. अवकाळी येणार म्हणून मोबाईलवर निरोप फिरू लागले. वामनरावांचं नाल्याकडचं मोठं वावर अजून हातही न लावलेलं, फुटून झाडावर लोंबत होतं. वामनरावांनी सुखीबाईला बोलावलं. ती पायरीवर बसली. विमलताई दारात उभ्या.

"उद्या नाल्याकडचं धरा," वामनराव म्हणाले. "भिजलं तर काळं पडन सगळं. सगळ्या बाया आण."

"आणतो नं, भाऊ. पण वर्षा नाही. तिची उद्या फायनल हाय. तुमच्या निकिताचीबी हायच की."

"निकिता जाईन," विमलताई म्हणाल्या. "तिचं नाव छापून येते, लोकायले माहीत हाय. पण वर्षाचा हात लागल्याबिगर मी त्या वावरात वेचणी धरू देत नाही."

"मग आत्ताच संध्याकाळी लावून जाईन ती."

"आज अवस हाय, सुखीबाई. अवसेले कोणी कामाले हात घालते का?"

"तर सकाळी उजाडाच्या आत."

"दवात? वला कापूस घरात भरू का मी? नाही जमत म्हणशीन तर सांग, दुसरी टोळी पाहातो. मग बाकीच्या वावरायलेबी त्याच बाया लावीन. अन् एका दिवसानं तुह्या पोरीचं तिथं काय अडलं? फेकाले काय, कोणीबी फेकन."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुखीबाई वाटभर तोच हिशोब करत घरी आली. दुसरी टोळी लागली तर आपल्या बाया घरी बसणार, आणि त्यात म्हातारी जमनी होती, जिला दुसरं कोणी कामाला घेत नव्हतं. पोरीचा हात मोठा केला तो आपणच. आता त्या हाताला दावं बांधलं तेही आपणच. वर्षा ओट्यावर बसून बूट पुसत होती. निकिताकडून तिच्या कानावर सगळं आलं होतं. तिनं वर पाहिलं, आणि पुन्हा बूट पुसू लागली.

"याडी, जाऊ नको का?"

सुखीबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "बूट पूस तू."

सकाळी तिनं भाकऱ्या बांधून दिल्या, पोरीला जीपमध्ये पुढं बसवलं आणि धावजीला म्हणाली, "पोहोचवून लगेच शिटा भराले पळू नका. मॅच होईस्तोवर तिथं थांबा, अन् फोन लावा." मग कापूस घ्यायची ओटी कमरेला बांधून टोळी घेऊन नाल्याकडच्या वावराकडं निघाली. वर्षाशिवाय. विमलताईंना काय सांगायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. पण बोलायला तोंड उघडलं की शब्द येतात, हा तिचा आजवरचा अनुभव होता.

दव उतरलं होतं. धुऱ्यावर वामनराव आणि विमलताई दोघंही उभे. विमलताईंनी बाया मोजल्या आणि त्यांचं तोंड उतरलं.

"वर्षा कुठी हाय?"

"यवतमाळले."

"म्हणजे शब्द मोडला तू."

"शब्द बायायचा देला होता, आणल्या. हाताचं म्हणान, तर आइका." सुखीबाईनं पदर खोचला. मागच्या बाया ऐकायला जवळ सरकल्या. "आज वर्षा त्याच हातानं फेकून राह्यली. जिकली, तर तिच्या हातात गुण हाय. मग परत येऊन तोच हात तुमच्या वावराले लावन, तवर थांबू आपण. अन् हरली, तर हातात गुण नाही. मग तो तुमच्या वावराले कायले पाह्यजे? आमी तशाच वेचतो. सांगा, माहं काही चुकते का?"

विमलताई नवऱ्याकडं पाहू लागल्या. वामनराव आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, मग खो खो हसत सुटले.

"विमल, ही वकील झाली असती तं जजले जेलात टाकलं असतं हिनं!"

"हसू नका तुमी," विमलताई म्हणाल्या. पण त्याही धुऱ्यावर बसल्या.

आणि असं कधी कोणी पाहिलं नसेल, अख्खी टोळी ओट्या बांधून धुऱ्यावर बसली, समोर कापूस लोंबतोय, आणि सगळ्या जणी यवतमाळच्या मॅचची वाट पाहतायत. वामनरावांचा फोन मधे ठेवला. धावजी तिकडून सांगू लागला. आयुष्यात पहिल्यांदा बायको त्याचं ऐकून घेत होती, तेव्हा तो काही सोडत नव्हता.

"आता त्यायची एक जाडी पोरगी आली. वर्षानं फेकला. ती चुकली. पुन्हा फेकला. पुन्हा चुकली. लई आरडाओरडा चालू हाय. गेली! गेली ती, बाद झाली!"

"कोण बाद झाली? आपली का त्यायची?"

"त्यायची, व!"

बाया टाळ्या पिटायच्या आणि लगेच वामनरावांकडं पाहायच्या. त्यांची गत तर पाहण्यासारखी झाली. टीम जिंकली तर पोरीचं नाव, पण संध्याकाळपर्यंत वावराला हात नाही. हरली तर कापूस वाचतो, पण पोरगी रडत घरी येते. वर्षानं कोणाला बाद केलं की ते मिशीत हसायचे आणि पुढच्याच क्षणी आभाळाकडं पाहून मान हलवायचे. दोन्ही टीमचा एकएक रन झाला होता. मॅच पुढं सरकेना.

पश्चिमेला आभाळ काळं झालं. आधी वारा आला, मग त्या वाऱ्याला ओलीचा वास आला. नाल्यापलीकडं एकदा गडगडलं. समोरच्या झाडाची बोंडं वाऱ्यानं हलली आणि दोन पाकळ्या कापूस खाली मातीत पडला.

सुखीबाईची नजर त्या कापसावर खिळली. कान फोनकडं, डोळे वावरात. जन्मभर ज्या हातानं कापूस उचलला त्याला तो मातीत पडलेला बघवेना. ती झटकन उठली.

"उठा व साऱ्या! पैज गेली चुलीत. कापूस भिजून राह्यला."

"अन् वर्षाचा हात?" विमलताई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"माहे दोन हाय. तुमचेबी दोन हाय. बोंडअळी आली तं दोघी मिळून शिव्या खाऊ!"

तिनं पहिलं झाड धरलंसुद्धा. बाया तासातासांत शिरल्या. विमलताईंनी एकदा आभाळाकडं पाहिलं. मग त्यांनी लुगड्याचा पदर पुढं घेऊन कमरेला ओटी बांधली आणि शेजारचा तास धरला. लग्न होऊन आल्यावर वेचलं असेल तेवढंच, पण हात विसरला नव्हता. वामनराव फोन उंच धरून मधल्या तासानं चालू लागले, आणि धावजीचा आवाज पऱ्हाटीवरून सगळ्यांना ऐकू येऊ लागला. वेचायचा वेग असा की ओटी भरायची, गोणपाटाच्या चुंगडीत रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. पाठ मोडून आली तरी कोणी सरळ होईना. विमलताईंच्या बोटाला बोंड टोचलं. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि पुन्हा चालू लागल्या.

"आता शेवटचं हाय," धावजी सांगत होता. "त्यायची एक पोरगी तिसऱ्या पाटावर येऊन उभी हाय. चौथ्या पाटाले घर म्हणते, ती घरी आली की त्या जिकल्या. दोन बाद झाल्या. ही एक बाद झाली की वाचलो आपण. फेकला. चुकली! फेकला. चुकली! आता एकच. सर डोक्यावर हात ठेवून उभे हाय. फेकला... चुकली! आउट..."

बायांनी हात वर केले. आणि फोनवरचा आवाज बदलला.

"थांबा. बॉल सुटला. निकिताच्या हातून सुटला बॉल, मागं गेला, अन् तिसरा झेलला नाही तं बाद धरत नाही म्हणते. पाटावरची पोरगी पळाली. आली ती घरी. हरलो, व. एका रनानं हरलो."

वामनराव होते तिथंच थांबले. विमलताईंचा हात बोंडावर तसाच राहिला, मान खाली. सगळ्या बायांनी हळूच सुखीबाईकडं पाहिलं. म्हातारी जमनी तर पुटपुटलीच, "आता आइका." फोटोतला अर्धा हात सुखीबाई विसरली नव्हती, आणि 'कोणीबी फेकन' हे कालचंच बोलणं. उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर तयार होतं, आणि असलं उत्तर तिनं आजवर कधी गिळलं नव्हतं.

तिनं ते गिळलं. हातातला कापूस ओटीत टाकला.

"विमलताई," ती म्हणाली, "पोरगी घरी आली तं रागावू नका तिले. तिची काही चूक नाही. माह्या वर्षाचा बॉलच असा जोराचा असते, की भल्याभल्यायच्या हातात राहत नाही."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. मग जमनी कंबरेवर हात ठेवून हसली, "पाहा व! हरली तरी हिचीच पोट्टी वरचढ!" आणि सगळं वावर हसलं. विमलताई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी पुसायला पदर घेतला तर पदरात कापूसच कापूस. तो तसाच गालाला चिकटला.

फोन पुन्हा खरखरला. या वेळी वर्षा होती. तिला धाप लागलेली.

"याडी? याडी, आइकू येते का? हरलो आमी. पण त्यायनं माहं नाव घेतलं. विद्यापीठाच्या टीममधी घेतलं मले. सर इथंच हाय, विचार त्यायले."

वामनरावांनी धावत येऊन फोन सुखीबाईच्या तोंडासमोर धरला. "बोल, बोल नं!"

सुखीबाईनं तोंड उघडलं. आणि जन्मात पहिल्यांदा त्यातून एक शब्दही बाहेर पडला नाही. ओठ नुसते हलले.

"हॅलो? याडी?"

विमलताईंनी पुढं होऊन फोन आपल्याकडं वळवला. "वर्षा, मी बोलतो, निकिताची आई. तुही माय वेचून राह्यली, पोरी. तिचे हात भरले हाय. ती ऐकून राह्यली सगळं. अन् माही निकिता कुठी हाय?"

"माह्याजवळच हाय, मावशी. रडून राह्यली. सोडत नाही मले."

"नको सोडू म्हण तिले," विमलताई म्हणाल्या. "दोघी एकाच गाडीत या."

पहिले थेंब टपटपले. कोणीतरी ताडपत्री आणायला ओरडलं. सुखीबाई पुढच्या झाडाकडं वाकली. डोळ्यांत पाणी इतकं दाटलं होतं की तिला समोरची बोंडं दिसत नव्हती, पण तिचा हात एकही सोडत नव्हता.